ज्वारीच्या मुलखात गव्हाचा आजार

काही वर्षांपूर्वी तळोदा तालुक्यातील आमच्या एका मित्राने आम्हांस एक साधा प्रश्न विचारला होता. त्याची पुतणी तेव्हा अकरा वर्षांची होती, पण उंचीने सात-आठ वर्षांची दिसे. पोट पुढे आलेले, हातपाय काडीसारखे, चेहरा पांढुरका. जंतांची औषधे झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. सिकलसेलची तपासणी झाली, ती निर्दोष आली. क्षयाची शंका आली आणि गेली. मित्राचा प्रश्न असा, "पोटाचे हे दुखणे ज्याला कळते असा डॉक्टर कुठे मिळेल?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. यथावकाश नातेवाइकांच्या सल्ल्याने मुलीला शेजारच्या राज्यातील एका मोठ्या शहरात नेण्यात आले. तेथे रक्ताची एक तपासणी झाली, पाठोपाठ दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहिला गेला आणि निदान निघाले सिलिॲक. मुलीला गहू चालत नव्हता! या कहाणीतील एक गोष्ट मात्र आमच्या मनात रुतून बसली. मुलीची आजी निदानाच्या कितीतरी आधीपासून म्हणत असे, "पोर उन्हाळ्यात घरी आली की भरते, शाळेत गेली की वाळते." मुलगी निवासी शाळेत होती. शाळेत पोळी, घरी भाकरी. आजीचे हे वाक्य प्रत्येक डॉक्टरच्या कानावर गेले होते. कोणी वसतिगृहाच्या पाण्याला दोष दिला, कोणी मुलीला घरची आठवण येत असेल असे सांगून समजूत घातली. हे डॉक्टर निष्काळजी नव्हते, अडाणी तर नव्हतेच. मग आजीला जे दिसले ते त्यांना का दिसले नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही इतिहासात शिरलो. तेथे आढळले ते असे, की जे नंदुरबार जिल्ह्यात घडले तेच पूर्वी लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये आणि दिल्लीतही घडून गेलेले आहे. आजाराचा जाणता डॉक्टर ही आयती सापडणारी वस्तू नव्हे. तो घडावा लागतो, आणि तो कसा घडतो याचा एक इतिहास आहे. त्या इतिहासाची ही ओळख.

नाव होते, कारण नव्हते

अन्न पचत नाही, ते तसेच बाहेर पडते, माणूस झिजत जातो, या दुखण्याचे वर्णन फार जुने आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय ग्रहणीदोषावर आहे. अन्न पचेपर्यंत धरून ठेवते ती ग्रहणी. ती बिघडली की अन्न कधी कच्चे, कधी पक्के बाहेर पडते. मराठी घरांत 'संग्रहणी' हा शब्द कालपरवापर्यंत वापरात होता आणि तिच्यावर ताक हा उपाय आजीबाईच्या बटव्यातला मानला जाई. तिकडे ख्रिस्तोत्तर पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास कॅपाडोशियाच्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने असेच दुखणे नोंदवले आणि पोटावरून त्याला नाव दिले. ग्रीक भाषेत 'कोइलिया' म्हणजे पोट. आजचा सिलिॲक हा शब्द तेथून आला.

येथे सावध राहणे इष्ट. ग्रहणी म्हणजेच सिलिॲक, असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. ते बरोबर नाही. ग्रहणीच्या वर्णनात पोटाची अनेक दुखणी सामावतात. प्राचीनांनी लक्षणे बारकाईने पाहिली, पण एका विशिष्ट धान्याकडे बोट दाखवले नाही. नाव हाती असणे आणि कारण कळणे यांत सुमारे अठराशे वर्षांचे अंतर आहे.

आधुनिक वैद्यकात या आजाराचे पहिले नेटके वर्णन सॅम्युअल गी या लंडनच्या डॉक्टरने केले. १८८७ साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात त्याने यावर व्याख्यान दिले आणि १८८८ साली ते छापून आले. एक ते पाच वर्षांची मुले, पातळ आणि फिकट मळ, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ. आज तळोद्यात किंवा धडगावात एखाद्या अंगणवाडीताईने वाचले तर तिच्या डोळ्यांपुढे चार चेहरे उभे राहावेत, असे ते वर्णन आहे. गीने पुढे असेही म्हटले, की रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल. पिठूळ पदार्थ कमी द्यावेत, असेही त्याचे मत होते. इतक्या जवळ येऊन मात्र त्याने दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावाच्या पातळ कापास परवानगी दिली. त्याच लेखात एका मुलाची हकिकत आहे. त्याला रोज डच शिंपल्यांवर ठेवले होते आणि तो झपाट्याने सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला, मूल पुन्हा खालावले. पुढच्या हंगामात त्याने शिंपल्यांना तोंड लावले नाही! गीला वाटले, गुण शिंपल्यांचा. शिंपले खात असताना मुलाच्या पोटात काय जात नव्हते, हा प्रश्न त्याला पडला नाही.

केळ्यांचे पथ्य

हीच चूक न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अधिक यशस्वीपणे केली. १९२४ साली त्यांनी दहा मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. आठ मुलांना केळ्यांच्या पथ्यावर ठेवले, ती सुधारली. दोघांना ते दिले नाही, ती दगावली. या पथ्यात पाव, बिस्किटे, बटाटे आणि तृणधान्ये वर्ज्य होती. शहाद्याच्या केळीबागांत वाढलेल्या वाचकास याचे कौतुक वाटेल, की त्या काळी केळे हे एका जीवघेण्या आजारावरचे औषध म्हणून अमेरिकेत नावाजले गेले होते. आणि गुण येत होता, हे खरेच. शेकडो मुले त्या पथ्याने जगली.

पण केळ्यात औषध नव्हते. पाव ताटातून गेला होता, एवढेच. हास यांची समजूत अशी, की आतडे बरे झाले की मूल पूर्ववत सर्व काही खाऊ शकते. म्हणून बरी झालेली मुले पुन्हा पावाकडे वळवली गेली. चुकीच्या कारणाने दिलेले बरोबर औषध किती काळ साथ देते, याचा हा धडा आहे. नंदुरबारच्या त्या मुलीलाही उन्हाळ्याच्या सुटीत असेच गुण येत होते. कारण कोणी विचारत नव्हते.

एका आईचे ऐकणारा डॉक्टर

कारण सापडले ते नेदरलँड्समध्ये. विलेम कारेल डिके हा हेग शहरातील युलियाना बालरुग्णालयाचा डॉक्टर. १९३६ साली, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, तो तेथील प्रमुख झाला. एका आईने त्याला सांगितले, की पाव बंद केला की माझ्या मुलाचे बरे असते, अशी हकिकत त्याच्याविषयी सांगितली जाते. डिकेने ते हसण्यावारी नेले नाही. मुलांच्या वजनाचे आणि उंचीचे तक्ते त्याने वर्षानुवर्षे ठेवले. गहू काढला की रेघ वर जाते, दिला की खाली येते. १९४१ साली त्याने गव्हाविना साध्या आहारावर डच भाषेत लेख लिहिला.

यानंतरची कथा अनेक ठिकाणी अशी सांगितली जाते, की १९४४-४५च्या 'भुकेच्या हिवाळ्यात' जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, माणसे ट्युलिपचे कंद खाऊ लागली, पण सिलिॲकची मुले मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. आणि त्यावरून डिकेला शोध लागला. कथा नाट्यपूर्ण आहे. मात्र १९४१चा लेख पाहता शोध दुष्काळाने लागला असे म्हणता येत नाही. दुष्काळाने त्याच्या आधीच्या संशयाला बळकटी दिली. हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आपत्ती आपणहून काही शिकवत नाही. जो आधीपासून तक्ता ठेवून बसला आहे, त्यालाच ती शिकवते.

डिकेचा प्रबंध १९५० साली उट्रेख्टला सादर झाला. फान दे कामर आणि वायर्स या सहकाऱ्यांसह त्याने मळातील स्निग्धांश मोजून गव्हाचा परिणाम आकड्यांत सिद्ध केला. १९५२ साली बर्मिंगहॅममध्ये शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिठातील स्टार्च निर्दोष असून दोष ग्लुटेनचा आहे, हे दाखवले. ग्लुटेन म्हणजे कणकेला चिकटपणा देणारे प्रथिन. पोळी लाटताना तुटत नाही, ती याच्या कृपेने. भाकरी थापावी लागते, ती याच्या अभावाने. गहू, सातू आणि राय या तिन्हींत हे घातक प्रथिन कमीअधिक रूपांत असते. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, भगर, नाचणी यांत नसते.

त्यानंतर साधने आली. १९५६-५७च्या सुमारास पोट न कापता तोंडावाटे नळी घालून आतड्याचा नमुना काढण्याची सोय झाली. निरोगी आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात. या रोग्यांत ते झिजून सपाट झालेले दिसले. अन्न शोषणारी जमीनच उजाड झाल्यावर लोह काय आणि टॉनिक काय, अंगी लागणार कसे? १९९७ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवले, की या आजारात शरीर स्वतःच्याच 'टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज' नामक विकरावर हल्ला करते. त्यातून रक्ताची 'टीटीजी' चाचणी उभी राहिली. १९६९-७०च्या युरोपीय निकषांनुसार एका निदानासाठी आतड्याचे तीन नमुने लागत. २०१२ साली त्याच युरोपीय संघटनेने, रक्तातील प्रमाण दहापटींहून अधिक असलेल्या काही मुलांत नमुन्याविनाही निदान मान्य केले. भारतात मात्र भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१६च्या मार्गदर्शिकेने आतड्याच्या नमुन्याचे महत्त्व कायम ठेवले.

'हा आपल्याकडचा आजार नव्हे'

भारतातील कहाणी वेगळ्या वळणाची आहे. सिलिॲक हा गोऱ्यांचा आजार, ही समजूत दीर्घकाळ टिकली. याला कारणही होते. आपल्याकडे झिजलेले मूल दिसले की उत्तरे तयार असत: कुपोषण, जंत, क्षय, हगवण, आणि उष्ण प्रदेशातील स्प्रू. ही उत्तरे बहुतेक वेळा बरोबरही असत, म्हणूनच ती धोक्याची. शंभर मुलांत नव्याण्णवांना लागू पडणारे उत्तर शंभराव्यालाही चिकटवण्याचा मोह कोणाही माणसाला आवरत नाही.

१९६६ साली वालिया, टंडन, घई प्रभृती डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उत्तर भारतीय मुलांतील सिलिॲकवर लेख लिहिला. १९७३ साली बर्मिंगहॅममधून आशियाई स्थलांतरितांच्या मुलांमधील सिलिॲकचा वृत्तांत आला. त्याच्या लेखकांत ग्लुटेनचा दोष दाखवणाऱ्या शार्लट अँडरसनच होत्या. म्हणजे आपली मुले तिकडे गेल्यावर, तिकडच्या डॉक्टरांच्या नजरेखाली, त्यांचा आजार दिसू लागला. मुले तीच होती, पाहणारा डोळा बदलला होता.

२०११ साली दिल्ली परिसरातील दहा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत सिलिॲकचे प्रमाण १.०४ टक्के निघाले. म्हणजे साधारण ९६ माणसांत एक. हे युरोपाच्या बरोबरीचे प्रमाण! २०१६ साली उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील २३,३३१ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत या आजाराची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. आजारास अनुकूल अशी जनुके तिन्हीकडे जवळपास सारख्या प्रमाणात होती. फरक ताटात होता. उत्तरेत माणसामागे रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५.

या आकड्यांवर क्षणभर थांबावे. जनुक सारखे, धान्य वेगळे, म्हणून आजार वेगळा. बंदूक भरलेली सर्वत्र आहे. चाप ओढणारे बोट गव्हाचे. त्या पाहणीत पश्चिम भारत नव्हता. महाराष्ट्र त्या नकाशावर कोरा आहे. आणि महाराष्ट्रात ज्या भागाने आपले धान्य गेल्या दोन पिढ्यांत झपाट्याने बदलले, त्यांत सातपुड्याच्या पायथ्याचा हा जिल्हा येतो.

धान्य बदलले

आजचा नंदुरबार जिल्हा हा जुन्या खानदेशाचा पश्चिम कोपरा. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तापीकाठच्या काळ्या जमिनीत गहू पूर्वीपासून पिके, हे खरे. पण तो सणाचा, पाहुण्यांचा आणि बाजाराचा. खापरावरचे मांडे हे खानदेशाचे भूषण, ते रोजचे जेवण नव्हे. रोजचे जेवण म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, आणि वर डोंगरात भिल्ल-पावरा वस्त्यांवर ज्वारीबरोबर मका आणि भगरीसारखी बारीक धान्ये. या ताटाला शास्त्रज्ञ आज 'ग्लुटेनमुक्त' म्हणतील. आमच्या आज्यांनी त्याला नुसते जेवण म्हटले असते.

मग राज्ययंत्रणा आली, आणि तीबरोबर तिचे धान्य. १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८० करार झाला आणि परदेशी गहू रेशनवर येऊ लागला. साठच्या दशकातील हरितक्रांती मुख्यतः गहू आणि भात यांची. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू किलोला २ रुपये, तांदूळ ३ रुपये आणि भरडधान्य १ रुपया असे दर ठरवले. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत झाले. कायद्यात भरडधान्य आहे, पण दुकानातील पोत्यांत प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. शिवाय आश्रमशाळेत पोळी, अंगणवाडीतून घरी येणाऱ्या पाकिटात बहुधा गव्हाचे मिश्रण, आणि मोलगीच्या बाजारात पाच रुपयांचा बिस्किटपुडा. आम्ही याची निंदा करीत नाही. भुकेल्या घरात आलेला गहू हा आधी अन्न आहे, मग बाकी सारे. ज्याच्या घरी दाणा नाही त्याला ग्लुटेनची व्याख्याने देणे हा पोटभरल्यांचा उद्धटपणा ठरेल. पण शंभरांतील ज्या एखाद्यास हेच अन्न विष ठरते, त्याला ओळखण्याची जबाबदारी ते अन्न पुरवणाऱ्यावर येत नाही काय?

आणि ओळखणे येथे विशेष कठीण. नंदुरबार हे नाव वर्तमानपत्रांत बहुतेकदा कुपोषणाच्या बातमीतच येते. खुंटलेले मूल येथे नजरेत भरत नाही, कारण त्याच्या शेजारीही खुंटलेलेच मूल उभे असते. पंजाबातील सधन घरात अकरा वर्षांची मुलगी सातची दिसली तर डॉक्टर दचकतो. अक्राणीत दचकत नाही. दारिद्र्य हे सर्वांत मोठे निदान होऊन बसते आणि त्याच्या सावलीत छोटी निदाने झाकली जातात.

सिकलसेलचा धडा

तरीही हे अशक्य नाही, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा आजार प्रथम १९१० साली शिकागोत नोंदला गेला आणि कित्येक वर्षे तो केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांचा मानला गेला. १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत तो सापडला, पुढे विदर्भात सापडला, आणि मग सातपुड्यातही. आज नंदुरबारच्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात 'सिकलसेल' हा शब्द आशाताईंपासून सर्वांना ठाऊक आहे. राज्याचा कार्यक्रम झाला, गावोगावी तपासणी झाली, कार्डे वाटली गेली. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. म्हणूनच आमच्या मित्राच्या पुतणीची ती तपासणी विनासायास झाली.

सिकलसेलचा जाणता डॉक्टर येथे कसा घडला? तो कोठून आयात झाला नाही. चाचणी दारात आली, रोगी मोजले गेले, शब्द बोलीत रुळला आणि डॉक्टर आपोआप जाणता झाला. ज्या लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढत नाही, त्या मुलासाठी विचारायचा दुसरा प्रश्न म्हणजे 'टीटीजी करून पाहिली का?' हा. नमुना म्हणजे साधे रक्त, ते दूरच्या प्रयोगशाळेतही पाठवता येते. २०२० साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्याच्या इतिहासात प्रथमच येथील पोटे पाहत शिकणारे डॉक्टर येथेच तयार होऊ लागले. ही संधी लहान नव्हे.

जाणता कोण?

दुसऱ्या टोकाचाही इशारा देणे आवश्यक आहे. शहरांत 'ग्लुटेन' हा फॅशनचा शब्द होऊन बसला आहे. जरा पोट फुगले की गहू बंद, असे सांगणारे आहारतज्ज्ञ गल्लोगल्ली आहेत. शंभर पदार्थांची 'अन्न-असहिष्णुता' एका रक्तनमुन्यावरून सांगणाऱ्या महागड्या तपासण्या विकल्या जातात. त्या 'आयजीजी' प्रतिपिंडांवर आधारलेल्या असतात, आणि ही प्रतिपिंडे आपण काय खाल्ले याची खूण आहेत, काय बाधते याची नव्हे. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी त्या निदानासाठी नाकारलेल्या आहेत. गव्हाची ॲलर्जी वेगळी, सिलिॲक वेगळा, आणि दूध न पचणे आणखी वेगळे. दुधाचेच पाहा. १९८१च्या एका अभ्यासात दुधातील साखर न पचणाऱ्यांचे प्रमाण उत्तर भारतीयांत सुमारे २७ टक्के तर दक्षिण भारतीयांत सुमारे ६७ टक्के आढळले. ज्याला एका प्रदेशात आजार म्हणावे, ती दुसऱ्या प्रदेशात बहुसंख्यांची प्रकृती! शिवाय सिलिॲकमध्ये आतडे झिजलेले असताना दूधही तात्पुरते पचेनासे होते, म्हणून दोष दुधावर जातो आणि गहू सुटतो.

तेव्हा मित्राच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही असे देऊ. पाटीवरील पदव्या मोजू नका, डॉक्टर काय विचारतो ते पाहा. मूल काय खाते, कुठे खाते, सुटीत काय बदलते, हे जो विचारतो तो अर्धा जाणता. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, असे जो सांगतो तो पाऊण जाणता. कारण गहू सोडल्यावर काही काळाने रक्तातील खुणा पुसट होतात आणि निदान हुकते. टीटीजीबरोबर एकूण आयजीए मोजायला हवे, कारण ते मुळातच कमी असलेल्या रोग्यात चाचणी खोटा दिलासा देते, हे ज्याला माहीत आहे आणि जो भावंडांनाही तपासायला बोलावतो तो पूर्ण जाणता. जवळच्या रक्ताच्या नातलगांत शंभरांत सुमारे सात-आठ जणांना हा आजार सापडतो.

आणि त्याहून जाणता तो, ज्याला स्वयंपाकघर ठाऊक आहे. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. रवा, शेवया, लापशी, मैदा ही सारी गव्हाचीच रूपे. 'पोळी खात नाही' म्हणणारे मूल शिरा खात असते. गावच्या चक्कीत आधी गहू दळला आणि मागून आपली ज्वारी टाकली, तर त्या पिठात गहू आलाच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमच ग्लुटेन चालते. यावरून चक्कीच्या खोक्यात उरलेल्या मूठभर पिठाचे मोल कळावे. आमच्या मित्राच्या घरी त्या मुलीसाठी जुने जाते पुन्हा माळ्यावरून उतरले.

मुंबई-पुण्यातील रोग्यास ग्लुटेनमुक्त पिठाचे महागडे पुडे विकत घ्यावे लागतात. नंदुरबारच्या रोग्याचे औषध त्याच्याच शेतात उभे असते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा ज्वारी-बाजरीची स्तुतिस्तोत्रे पुष्कळ गायली गेली. आमची मागणी स्तोत्रांची नाही. ज्या मुलाच्या कार्डावर हे निदान आहे, त्याला रेशनच्या गव्हाऐवजी ज्वारी मिळावी आणि आश्रमशाळेच्या पंगतीत वेगळ्या तव्यावरची एक भाकरी. कायद्यात भरडधान्याची जागा आधीच आहे.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. निदानानंतरच्या दोन वर्षांत तिची उंची अशी वाढली, की शाळेचा गणवेश दोनदा बदलावा लागला. शाळा मात्र तिला सोडावी लागली होती, कारण तेथे तिच्यासाठी निराळी भाकरी करणे कोणाला जमले नाही. पुढचे शिक्षण तिने मामाच्या घरी राहून केले. तिची आजी आज नाही. गीला जे दिसले नाही, हास यांना जे दिसूनही कळले नाही आणि डिकेला जे कळण्यासाठी वर्षानुवर्षे तक्ते ठेवावे लागले, ते त्या निरक्षर बाईने दोन उन्हाळ्यांत पाहिले होते. तिला प्रबंध लिहायचा नव्हता, नात जगवायची होती. तिचे वाक्य ज्या दिवशी केसपेपरवर उतरेल, त्या दिवशी नंदुरबारला जाणता डॉक्टर मिळाला असे आम्ही समजू.